ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला का?

प्रश्न : भुसावळला घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, दोन क्लाऊनफिश अन् एक ब्लू टँग. टँगच्या अंगावर मिठाच्या दाण्यासारखे ठिपके आले अन् आठवडाभरात आपोआप गेले. दुकानदार म्हणतो कॉपरचं (तांब्याचं) औषध टाकीतच टाका, पण आत कोरल (प्रवाळ) आहेत. काय करू?
– एक वाचक

उत्तर : नाही भाऊ, बरा नाही झाला. हा मरीन इच, क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. माशावर ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून वाळूत-दगडावर चिकटतो, तिथं त्याची शेकडो पिल्लं होतात अन् ती परत मासाच शोधतात.

कॉपर मेन टाकीत अजिबात नको, कोरल, कोळंबी सगळं मरेल (दुकानदाराचं काय जातं!). तिन्ही मासे, ठिपके नसलेले पण, वेगळ्या टाकीत काढा, औषध तिथंच द्या, अन् तिथं वाळू-दगड नको कारण ते कॉपर शोषतात. औषध कॉपर सल्फेट असेल तर पाण्यात कॉपर ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम प्रति लिटर, रोज टेस्ट किटनं मोजून. चिलेटेड (तांबं दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं) असेल तर बाटलीवरचाच डोस. मेन टाकी किमान ६ आठवडे बिनमाशांची ठेवा, मी तर १० म्हणेन.

अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, त्यात हा परजीवी कल्ल्यांवरही बसतो, म्हणून एअरपंप बॅटरीवाला घ्या, लाईट कधी जाईल नेम नाही. पुढे नवीन मासा आणला की आधी महिनाभर वेगळाच ठेवायचा.