बायोस अपडेट करताना लाईट गेली, आता पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच, पीसी चालूच होत नाही. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतोय, खरंच बदलावा लागेल का?

थांबा, एवढ्यात बदलू नका. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी म्हणताय ना, मग बोर्ड बहुतेक धडधाकट आहे, त्याच्यावरच्या एका आठ पायांच्या चिपमध्ये बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा प्रोग्राम, अर्धवट लिहिलं गेलंय एवढंच. माझंही सेम झालेलं, ऐन पावसाळ्यात, यूपीएसची बॅटरी गेलेली आणि मी म्हटलं दोन मिनिटांचं तर काम आहे. मलाही दुकानात बोर्ड गेला म्हणूनच सांगितलं, खोलून न बघता.

आधी पीसीच्या मागे यूएसबी पोर्टांजवळ फ्लॅशबॅक लिहिलेलं बटण आहे का बघा. असेल तर सुटलात, पीसी चालू न होताही त्याने पेनड्राईव्हवरून बायोस परत लिहिता येतं. पेनड्राईव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करा, तुमच्याच मॉडेलची बायोस फाईल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने त्यात टाका, खूण केलेल्या पोर्टात लावून बटण दाबून धरा, बास. सीमॉसचा सेल (बोर्डावरचा बटणासारखा गोल सेल) काढून घाला असं सगळेच सांगतील, पण त्याने फक्त सेटिंग जातात, उडालेला प्रोग्राम काही परत येत नाही.

माझ्याकडे बटण नव्हतं म्हणून सीएच३४१ए प्रोग्रामर (दुसऱ्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावून चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) आणि चिपवर बसणारी चिमट्यासारखी क्लिप मागवली. चिपवरचा नंबर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून झूम करून वाचला, २५क्यू६४एफव्ही, म्हणजे ६४ मेगाबिट, ८ एमबी, ३.३ व्होल्टवाली. हे नीट बघाच, कारण शेवटी एफडब्ल्यू असेल तर ती १.८ व्होल्टची असते, तिला वेगळा अडॅप्टर लागतो, नाहीतर चिप जळायची. पॉवर केबल आणि सीमॉसचा सेल काढायचा, क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याकडे, आणि लगेच लिहायला जायचं नाही, आधी वाचायचं, दोनदा, आणि दोन्ही फाईली तंतोतंत सारख्या आल्या पाहिजेत. माझी पहिली फाईल नुसती एफएफ एफएफ एफएफ, म्हणजे रिकामी, क्लिप नीट बसलीच नव्हती, पाय खोडरबरने घासून परत लावली तेव्हा कुठे जमलं. नीट वाचली गेलेली ही अर्धवट बायोसची फाईल पण जपून ठेवा हां, बऱ्याच बोर्डांचा सिरीयल नंबर, लॅनचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कसाठीचा ओळख नंबर) त्याच चिपमध्ये असतो, तो नंतर तिथूनच काढता येतो.

चिप माझ्यासारखी ८ एमबीची असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या साईटवरची फाईल बरोबर ८३८८६०८ बाईटची हवी, जास्त असेल तर वर हेडर (सुरुवातीचा जादा भाग) चिकटलेलं असतं, ते कापल्याशिवाय लिहू नका. मग इरेज (पुसणं), राईट (लिहिणं), व्हेरिफाय (लिहिलेलं ताडून बघणं), आणि व्हेरिफाय ओके आल्याशिवाय क्लिपला हात नाही लावायचा.

आणि पहिल्यांदा चालू केल्यावर पीसी एक-दोनदा आपोआप बंद-चालू होईल, मिनिटभर स्क्रीन काळीच राहील, तेव्हा घाबरून स्विच बंद करू नका, मी जवळजवळ केलाच होता. चिपचा नंबर आणि बोर्डाचं मॉडेल खाली टाका, फाईल कुठली घ्यायची ते बघून सांगतो.