घोडी कोणाच्या दारात न्यायची?

वाचक विचारतात

या वेळी नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. येत्या हंगामात घोडी फळवायची, म्हणजे गाभण करून घ्यायची आहे, दोन-तीन घोडे नजरेत आहेत, पण घोड्याच्या मालकावर किती विसंबायचं? म्हणून हे पान त्याच प्रश्नांना दिलं आहे.

शिंगरू घोड्याच्या रक्ताचं होणार, मालकाच्या नाही. घोडा देखणा आणि वंशावळ चांगली असेल, तर मालकाचा स्वभाव कशाला बघायचा? (वाचक, हिंगणा)

कारण घोडा बघून कळतं ते फार थोडं. उंची, रंग, मान, चाल, मारवाडी जातीचा असेल तर कानांची टोकं कशी जुळतात, एवढंच. गेल्या हंगामात त्याला किती घोड्या लावल्या, त्यातल्या किती उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या), किती गाभडल्या, त्याच्या शिंगरांत पोपटतोंड (खालच्या दातांपुढे आलेले वरचे दात) निघतं का, हे फक्त मालकाला ठाऊक असतं. तो सांगेल तेवढं तुम्हाला कळणार.

एक उदाहरण घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा तापाचा रोग पसरतो. घोड्याला जोराचा ताप येऊन गेला तर वीर्यावरचा परिणाम पुढे कित्येक आठवडे राहतो. शुक्रपेशी तयार व्हायला साधारण ५७ दिवस लागतात आणि बाहेर यायला वरती आठवडाभर. या काळात घोडा टवटवीत दिसतो, घोडीवर उत्साहाने चढतो, आणि घोडी मात्र उलटते. ‘याला मागच्या महिन्यात ताप होता, थोडं थांबा’ असं सांगणारा मालक त्या हंगामातली काही फी सोडतो. गप्प राहणारा फी घेतो आणि पुढचा माज येईपर्यंतचे तुमचे साधारण २१ दिवस वाया जातात.

आपल्याकडे हे २१ दिवस महाग पडतात. घोडीचा गाभणकाळ साधारण ३४० दिवसांचा, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यावर फळलेली घोडी जानेवारीच्या उत्तरार्धात विते आणि शिंगराला उन्हाळ्याआधीचा थंडावा मिळतो. तीन-चार माज हुकले की घोडी मे महिन्यात लावावी लागते. तेव्हा ४५ अंशांच्या उन्हात घोड्याचं वीर्यही उतरलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी शिंगरू जन्मतं ते ऐन एप्रिलच्या फुफाट्यात.

दुसरं कारण स्वभावाचं. शिंगराचा स्वभाव काही अंशी रक्तातून येतो, बराचसा वागणुकीतून घडतो. मार खाऊन बिथरलेला घोडा चावतो, तेव्हा तो दोष रक्तातला की काठीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. नीट हाताळलेल्या घोड्याचा स्वभावच तेवढा पारखता येतो. म्हणून मालकाची पारख हा घोड्याच्या पारखीचाच भाग आहे.

मालकाकडे गेल्यावर नेमकं काय विचारावं, काय पाहावं? सगळे गोडच बोलतात. (वाचक, काटोल)

सुरुवात या प्रश्नाने करा: ‘याच्या शिंगरांत कोणता दोष उतरतो?’ प्रत्येक घोडा काहीतरी उतरवतोच. ‘मागचे गुडघे जरा आत येतात, तुमच्या घोडीचे सरळ असतील तर लावा’ असं उत्तर आलं तर तो माणूस आपली शिंगरं डोळे उघडे ठेवून बघतो. ‘काहीच दोष नाही’ असं म्हणाला तर त्याने पाहिलेलं नाही, किंवा तो लपवतो आहे.

मग गेल्या हंगामाचा हिशेब मागा. चांगल्या, निरोगी घोड्याकडूनही एका माजात शंभरापैकी साठेक घोड्या राहिल्या तर तो उत्तम घोडा. ‘लावली की राहतेच’ हे विधान कोणत्याही घोड्याबाबत खरं नसतं. गाभण राहिलेल्या घोड्यांच्या मालकांचे फोन नंबर कोणीही देतो. ज्यांच्या घोड्या राहिल्या नाहीत त्यांचे नंबर मागा. ते देणारा मालक बहुधा खरं बोलणारा निघतो. त्या लोकांना एवढंच विचारा की घोडी उलटल्यावर मालक तुमच्याशी कसा वागला.

एका दिवसात किती घोड्या घेता, हेही विचारा. पूर्ण वाढलेल्या घोड्याला रोज एक पुरे. कधीमधी दोन चालतात, पण आठवड्याला एक दिवस विश्रांती हवी. तीन वर्षांच्या तरुण घोड्याला आठवड्यात दोन-तीनच. माजाच्या दिवसांत कोणालाही ‘या’ म्हणणारा मालक तुमच्या घोडीला थकलेला घोडा देणार.

तो तुम्हाला काय विचारतो, याकडे आमच्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यावं. घोडीचं वय, मागची वीत कशी झाली, वार वेळेवर पडली का, गर्भाशयाची स्वॅब तपासणी केली का, हे प्रश्न त्याच्याकडून यायला हवेत. घोडीचे पाय सदोष दिसले तर ‘हिच्यावर माझा घोडा लावू नका’ म्हणण्याची तयारी असलेला मालक क्वचित भेटतो. भेटला तर त्याला सोडू नका.

तबेल्यात दोनदा जा. एकदा ठरवून, एकदा सकाळी दाणा-पाण्याच्या वेळी न कळवता. खूर वेळेवर काढलेत का, पाण्याचा हौद स्वच्छ आहे का, हे बघा. पायबंदाच्या जागी जुने व्रण, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा, मानेवर दोरखंडाची घासलेली खूण दिसली तर घोडा दिवसभर बांधलेला असतो किंवा जबरदस्तीने धरला जातो. मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने) डोक्याकडे हात नेला की घोडा मान वर फेकून मागे सरकतो का, तेही पाहा. मालक बाजूला गेला की मोतद्दाराला विचारा, घोडा रोज किती वेळ बाहेर निघतो. तबेल्यात राबणारा माणूस बहुतेक वेळा सरळ उत्तर देतो.

घोड्याची दोन्ही अंडं खाली उतरलेली दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर तो दोष वंशात जाऊ शकतो. ओठ उघडून वरचे-खालचे दात जुळतात का पाहा. हे पाहू देताना मालक कुरकुरला तर तिथेच थांबा. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची शुभाशुभ चर्चा त्याने खुशाल करावी, पण पायांवर तेवढाच वेळ बोलला पाहिजे. कान आणि मान बघून भाळणारे खूप. शिंगरू पुढे वीस वर्षं उभं राहणार ते पायांवरच.

शेवटी त्या घोड्याची तीन-चार शिंगरं दुसऱ्यांच्या दारात जाऊन पाहा, वेगवेगळ्या आयांना झालेली. सगळ्यांत एकच दोष दिसला तर तो बापाकडचा. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात घोडा सजून उभा असतो. तिथे त्याला किती रुपयांची मागणी आली, या आकड्याचा त्याच्या वीर्याशी काही संबंध नाही.

घोड्याचा मालक म्हणतो, घोडी २१ दिवस आमच्याकडे ठेवा. कागद आणि रोगांच्या बाबतीत काय काळजी घ्यावी? (वाचक, कामठी)

घोडी पाठवण्याआधी दोन तपासण्या दोन्ही बाजूंनी हव्यात: ग्लँडर्स (घोड्यांचा जिवाणूजन्य संसर्गजन्य रोग) आणि इक्वाइन इन्फेक्शियस अॅनिमिया (घोड्यांचा विषाणूजन्य रक्तक्षय). रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठवतात; हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामाचं मुख्य ठिकाण आहे. ग्लँडर्स माणसालाही होतो. प्राण्यांमधील संक्रामक रोगांसाठीच्या २००९ च्या कायद्याखाली तो कळवावा लागतो आणि बाधित जनावर वाचवता येत नाही. म्हणून ‘आमच्या घोड्याला काही नाही’ हे तोंडी ऐकून घेऊ नका. याच हंगामाचा अहवाल मागा, आणि तुमचा न मागता पुढे करा. तुमचा अहवाल न बघता घोडी आत घेणारा मालक इतरांच्याही तशाच घेतो. तिच्या शेजारी कोण बांधलं जाणार, हे त्यावरून ओळखा.

अहवालावरचा मायक्रोचिप क्रमांक घोड्याच्या चिपशी रीडरने जुळवून घ्या. पुढे शिंगराच्या नोंदणीसाठी आणि गरज पडली तर डीएनएवरून बाप ठरवण्यासाठी हाच क्रमांक लागेल. वेगळाच घोडा लावल्याच्या तक्रारींवरही हाच एक खात्रीचा उपाय आहे.

मुक्कामात घोडीला पहिला आठवडा तुमच्याच घरचा चारा द्या. एकदम चारा बदलला की पोटशूळ होतो. ३५० किलोच्या घोडीला चारा-दाणा मिळून रोज सहा-सात किलो कोरडा माल लागतो आणि मार्चनंतर ४० लिटरपर्यंत पाणी. हे लिहून द्या. मागचे नाल काढून पाठवा.

माज पाच ते सात दिवस राहतो आणि बीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटतं. म्हणून सोनोग्राफीची सोय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड, घोडी घोड्याला नाकारेपर्यंत लावावी. पहिल्याच दिवशी एकदा लावून ‘काम झालं’ म्हणणाऱ्याला फक्त फीची घाई असते. लावण्याआधी घोडीच्या शेपटीला पट्टी बांधतात, दोघांना कोमट साध्या पाण्याने धुतात. घोड्याला जंतुनाशक लावणं चूक आहे. त्याने शुक्रपेशी मरतात आणि कातडीवरचे नेहमीचे निरुपद्रवी जंतूही जातात. पहिलटकर घोडीला गर्दीत, दोरीने ओठ पिळून घाईने लावत असतील तर तिला घरी आणा.

करार मुद्रांकावर करा. आपल्याकडे आता किमान ५०० रुपयांचा लागतो. घोड्याचं नाव आणि चिप, लावल्याच्या तारखा, फी किती आणि कधी, उलटली तर किती माज फुकट, मुक्कामात इजा झाली तर खर्च कोणाचा, घोडा मेला किंवा विकला तर काय, हे सगळं त्यात हवं. ‘जिवंत शिंगरू’ असं नुसतं लिहू नका; ‘उभं राहून आईचं दूध प्यालेलं आणि ४८ तास जगलेलं’ असं लिहा. वाद याच दोन शब्दांवर होतात.

मेव्हण्याचाच घोडा आहे. तपासणीचं, कागदाचं कसं बोलायचं? (वाचक, उमरेड)

डॉक्टरांच्या तोंडून बोला. ‘आमच्या डॉक्टरांनी दोन्हीकडचे अहवाल आल्याशिवाय लावू नका म्हणून सांगितलं आहे’ एवढं पुरतं. आणि अट तुमच्या घोडीलाही आहे, म्हणजे त्यांचा मान राहतो. घरातला माणूस फी घेत नाही, त्यामुळे उलटल्यावर पुन्हा लावायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा थोडी का होईना फी द्या आणि साध्या कागदावर तारखा लिहून दोघांच्या सह्या घ्या.

दोन माज झाले, घोडी उलटली. मालक म्हणतो दोष घोडीचा, उरलेली फी द्या. (वाचक, पारशिवनी)

दोष कोणाचा हे भांडून ठरत नाही. आधी बघा की घोडी राहिलीच नाही, की राहून मग तिचा गर्भ गेला. लावल्यानंतर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी केली होती का? त्या वेळी गर्भ दिसून पुढे नाहीसा झाला असेल तर घोडा फळवतो आहे, शोध घोडीत घ्यायचा. (या पहिल्या सोनोग्राफीत जुळं दिसलं तर एक गर्भ तेव्हाच काढतात, महिना उलटल्यावर ते अवघड होतं.) काहीच दिसलं नसेल तर दोन्हीकडे तपासा. घोडीची स्वॅब आणि गर्भाशयाची सोनोग्राफी, घोड्याची वीर्यतपासणी. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रजनन विभागात याबद्दल विचारा. वीर्याचे दोन नमुने तासाभराच्या अंतराने घेतात, कारण बऱ्याच दिवसांनी घेतलेला पहिला नमुना साठलेल्या, जुन्या शुक्रपेशींचा असतो. दुसऱ्या नमुन्यात सरळ पुढे जाणाऱ्या, धड आकाराच्या १ अब्ज शुक्रपेशी मिळाल्या तर घोडा निर्दोष समजावा.

त्याच महिन्यात त्या घोड्याला लावलेल्या इतर घोड्यांचं काय झालं, हेही विचारा. बहुतेक उलटल्या असतील तर उत्तर मिळालंच.

घोडीची तपासणी तुम्ही आपल्या खर्चाने करून अहवाल त्यांना दाखवा, आणि घोड्याची त्यांना करायला सांगा. ते तयार झाले तर तिसरा माज तिथेच घ्या, पण या वेळी सोनोग्राफीत बीजाची पुटिका (बीज ज्यात वाढतं ती पाण्याची पिशवी) ३५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर लावा. नकार दिला तर फीबद्दल करारात जे लिहिलं असेल तेवढंच द्या, घोडी घरी आणा आणि मार्च सरायच्या आत दुसरा घोडा पाहा.