नोंदवहीत 'कौतुक' लिहावं की 'प्रशंसा'?

तिसरीच्या एका वर्गशिक्षिकांनी विचारलं आहे : प्रत्येक मुलाविषयी शिक्षकांनी लिहायच्या वर्णनात्मक नोंदींत मी एका मुलाबद्दल 'मित्रांचे कौतुक करतो' असं लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून 'प्रशंसा करतो' सुचवलं. कौतुक मोठ्यांनी लहानांचं करायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. योग्य काय?

बाई, 'कौतुक'च ठेवा.

मराठीत कौतुक वाटतंही आणि करताही येतं. प्रशंसा, स्तुती, अभिनंदन नुसतं करता येतं. 'मला तुझी प्रशंसा वाटते' असं कोणी म्हणत नाही. आत काही वाटलेलं नसताना केलेलं कौतुक 'तोंडदेखलं' म्हणून लगेच ओळखू येतं, ते यामुळेच. मुलांमध्ये आपल्याला रुजवायचं आहे ते हे वाटणं.

संस्कृतात 'कौतुक' म्हणजे कुतूहल, नवल. हिंदीतही तो शब्द नवल, खेळ-तमाशा याच अंगाने राहिला. ज्ञानेश्वरांच्या 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' या ओवीतही स्तुतीचा अर्थ नाही. पुढे मराठीने त्या नवलात माया मिसळली. गावाकडच्या 'लेकराचं लई कवतिक' मध्ये ती पुरेपूर ऐकू येते. शेजारच्या बाकावरची वही ओढून 'ए, मोराचा पिसारा बघ ना कसला काढलाय हिने!' असं एखादी मुलगी ओरडते, तेव्हा आधी नवल असतं, मग आनंद, आणि हेवा कुठेच नसतो. याला प्रशंसा म्हणणं मला फार कोरडं वाटतं.

वरिष्ठांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. 'विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांचे कौतुक केले' हे कानाला खटकतं. पण 'मला आजीचं कौतुक वाटतं' हे नातवंडाच्या तोंडी अगदी शोभतं. म्हणजे कौतुक करणं बहुधा लहानांचं किंवा बरोबरीच्यांचं. वाटायला मात्र वयाची आडकाठी नाही. वर्गमित्र बरोबरीचेच, त्यामुळे तुमच्या वाक्यात काहीच चूक नाही. 'शाबासकी देतो' असं लिहिलं असतं, तर मात्र मीही अडवलं असतं. ती मोठ्यांनीच द्यायची.

जमलं तर नोंद थोडी नेमकी करा : 'मैत्रिणीच्या चित्रातले काय आवडले ते सांगून कौतुक करते.' आणि वर्गात एखादं अबोल मूल असतंच. दुसऱ्याला बक्षीस मिळालं की त्याचा चेहरा फुलतो, पण तोंडून शब्द फुटत नाही. त्याच्या पानावर 'इतरांच्या यशाचे कौतुक वाटते' असं जरूर लिहा.