आई खात नाही ना? आधी ती पिते किती ते सांगा

प्रश्न : माझ्या आईचं (वय ५२, मधुमेह) सहा दिवसांपूर्वी पुण्यात वजन कमी करण्याचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. आता ती सातारला घरी आहे. टाके ठीक आहेत, पण उजवा खांदा दुखतो. दोन घोटांत पोट भरतं, मळमळतं. दिवसभर पडून असते. ‘अंगात ताकद कुठून येणार’ म्हणत आजीने काल रव्याचा शिरा भरवला, तो सगळा उलटून पडला. घरात गुडघेदुखीच्या गोळ्या आहेत, त्यातली खांद्यासाठी देऊ का? — एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी फोनवर बोलले. इथे लिहितेय ते अशा इतर घरांसाठी. सर्जरी वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी झाली माझी, त्यामुळे तो शिरा मला चांगला ओळखीचा आहे!

आधी गोळी. ती देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होतो, आणि आईंच्या जठराला आत्ता लांबलचक शिवण आहे. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय तेवढंच द्या. बहुधा पॅरासिटामॉल असेल.

खांदा दुखतो तो ऑपरेशनच्या गॅसमुळे. दुर्बिणीने काम करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने छाती-पोटामधला पडदा चिडतो आणि त्याची नस मानेतून येत असल्याने दुखणं खांद्यावर जाणवतं. हा अपचनाचा गॅस नव्हे, तेव्हा ओवा-सोडा काही नको. हलका शेक द्या, घरातल्या घरात चालवा. दिवसागणिक कमी व्हायला हवं. उलट वाढत गेलं, ताप आला, धाप लागली किंवा स्वस्थ बसून नाडी १२०च्या वर राहिली, तर शिवणीतून गळती नाही ना हे बघायला लागतं. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच पुण्याला निघायचं.

आता मुख्य गोष्ट. या ऑपरेशनात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी, तीही सध्या सुजलेली. पहिले दोन आठवडे त्यांनी खाल्लं किती हे मोजूच नका. पाणी मोजा. अशी माणसं पुन्हा दाखल होतात ती बरेचदा अंगातलं पाणी कमी पडल्यानेच. मळमळतं म्हणून पीत नाहीत, आणि पीत नाहीत म्हणून आणखी मळमळतं. पेला-तांब्या समोरून उचला. औषधाचं ३० मिलीचं मापाचं टोपण घ्या. सकाळी सात ते रात्री नऊ, दर पंधरा मिनिटांनी एक टोपण, तेही घोट-घोट करत. दीड लिटरच्या वर जातं. पाणी, लोणी काढलेलं पातळ ताक, वरणाचं गाळलेलं निवळ, सांगितली असेल ती प्रोटीन पावडर. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय. हे टोपणाचं काम आजींना द्या. घड्याळ त्यांच्यासमोर ठेवा. भरवायची हौस भागेल आणि शिराही टळेल.

मधुमेहाच्या गोळ्या जुन्याच डोसात चालू आहेत का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला खरी धास्ती त्याचीच. या ऑपरेशननंतर साखर काही दिवसांतच उतरते. जुना डोस राहिला तर धोकादायक खाली जाते. घरी मशीनवर तपासा आणि डोस आजच विचारून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच.

उलट्या थांबल्याच नाहीत आणि गावात सलाईन लावायची वेळ आली, तर डॉक्टरांना ऑपरेशनचं आधी सांगा आणि बी-१ जीवनसत्त्वाचं विचारा. ते कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

पडून राहणं बंद. जागेपणी दर तासा-दीड तासाने पाच मिनिटं चालणं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. एकाच पोटरीला सूज आली तर लगेच दाखवा. झोपताना पाठीशी दोन उशा.

प्रश्न : वजन कमी करण्याचं बायपासचं ऑपरेशन (हृदयाचं नव्हे, जठराचं) होऊन चार महिने झाले. केस मूठमूठ गळताहेत. बायोटिन घेऊ का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. बायोटिनचे पैसे वाचवा. रोज ६० ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जातात का, ते वहीत लिहून बघा. दोन चमचे वरणात ती होत नाहीत. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या. आणि बायपासनंतरच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केल्या असतील, तर उद्यापासून पुन्हा सुरू करा. त्या जन्मभराच्या आहेत.