येऊरची खडेवाली माती

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो, रविवारी ठाण्याच्या येऊर डोंगरावर जातो. तिथे माती कमी नि खडेच जास्त, तरी एवढी मोठी झाडं कशी वाढतात? ती माती कुंडीत चालेल का?

उत्तर : किती छान विचारलंत! हा डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचा, साधारण 6.5 कोटी वर्षं जुना, तो झिजून झिजून मुरूम होतो आणि त्यातलं लोखंड गंजतं म्हणून रंग तांबूस. उतारावरची बारीक माती पावसात वाहून जाते, खडे मागे राहतात, त्यामुळे पाणी झरझर मुरतं, मुळांना हवा मिळते पण ओल टिकत नाही, म्हणून तर साग उन्हाळ्यात पानं टाकून देतो. खरी ताकद वरच्या चार बोटांत आहे! पाचोळा जरा सारून बघा, खाली काळपट, भुसभुशीत माती आणि बुरशीचे पांढरे धागे दिसतील, झाडांचं बरंचसं पोषण तिथूनच, आणि मुळं खडकाच्या फटीत खोलवर पाणी शोधत जातात.

पण प्लीज ती माती आणू नका, नॅशनल पार्कचं जंगल आहे ते. नर्सरीतली लाल माती घ्या, त्यात थोडा मुरूम आणि घरचं कंपोस्ट मिसळा, मस्त चालतं.