अभ्यासात मन लागत नाही, म्हणजे डिप्रेशनच का?

कॉलेजच्या समुपदेशन कक्षात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "अभ्यासात मन लागत नाही". हल्ली तिच्या मागोमाग आणखी दोन प्रश्न येतात. "फोनवर चाचणी दिली, त्यात डिप्रेशन आलं, खरं असेल का?" आणि "मी इथे आले होते हे घरी कळेल का?"

ही हकिकत दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय १९, रोज एसटीने येणं-जाणं, पहिल्या वर्षी बरे गुण, दुसऱ्या वर्षी हजेरी ६१ टक्क्यांवर घसरलेली. ७५ टक्क्यांची अट सांगणारी नोटीस लागली आणि ती कक्षात आली.

खुर्चीच्या कडेवर बसूनच तिने विचारलं, "मॅडम, वहीत माझं नाव लिहिणार का?"

या प्रश्नाचं नीट उत्तर दिल्याशिवाय पुढे काहीही विचारू नये. तिला सांगितलं ते असं: बाहेरच्या नोंदवहीत फक्त क्रमांक आणि वेळ असते. बैठकीची टिपणं कुलूपबंद कपाटात राहतात. प्राचार्यांकडे महिन्याला जाणाऱ्या अहवालात किती जण आले आणि अडचणी कोणत्या प्रकारच्या होत्या एवढंच असतं. तू अठरा पूर्ण आहेस, त्यामुळे तुझ्या संमतीशिवाय घरी फोन जाणार नाही. तासाला उशीर झाला तर मिळणाऱ्या चिठ्ठीवर 'समुपदेशन' हा शब्द नसतो, 'विद्यार्थी विकास विभागात उपस्थित' असं लिहिलेलं असतं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्या माणसाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याचे अपवादही लिहून ठेवले आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर गोष्ट खोलीबाहेर जाऊ शकते. हे अपवाद पहिल्याच बैठकीत सांगायचे असतात. "काहीही झालं तरी कुणाला सांगणार नाही" असं वचन देणारा समुपदेशक पुढे अडचणीत येतो आणि मुलांचा विश्वासही गमावतो.

मग तिने फोन पुढे केला. चाचणी पीएचक्यू-९ होती. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की मध्यम तीव्रतेचं नैराश्य असण्याची शक्यता धरतात आणि पुढे तपासणी करतात. तिची बेरीज ११ होती. फोनने बेरीज सांगितली, पण ती कुठून आली हे सांगितलं नाही. एकेक ओळ पाहिली तर थकव्याला ३, लक्ष न लागण्याला ३, झोपेला २. म्हणजे ११ पैकी ८ गुण या तीन ओळींतून आले होते. उदास वाटणं आणि कशातच रस न वाटणं हे नैराश्याचे दोन मुख्य प्रश्न. त्यांना प्रत्येकी १. उरलेला १ भुकेचा. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे तिने शून्य दिलं होतं. तरीही तो प्रश्न तोंडी, तिच्याकडे बघून, साध्या शब्दांत पुन्हा विचारला. कागदावर शून्य आहे म्हणून तो कधीही गाळायचा नसतो.

ही चाचणी चाळणी आहे, निदान नव्हे. रक्त कमी असलं, झोप अपुरी असली, शरीरात पाणी कमी पडलं, तरी थकव्याचे आणि लक्षाचे गुण वर चढतात. म्हणून अशा वेळी मनाचा शोध घेण्याआधी दिवसाचा शोध घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

कोऱ्या कागदावर तिने तिचा दिवस तासातासाने लिहिला. उठणं पावणेपाचला, एसटी सहा दहाची, तास साडेसात ते दीड, परतीची गाडी तीनची, घरी पावणेपाच. झोप साडेअकरा-बाराला. कागदाच्या उजवीकडे आणखी दोन रकाने काढून घेतले: पाणी कधी प्यायली आणि लघवीला कधी गेली. तिचा हात थांबला. सकाळी पावणेसहाला अर्धा पेला पाणी, त्यानंतर थेट घरी गेल्यावर. दोन्ही रकाने अकरा तास कोरे.

बैठक दुपारी दोनला सुरू झाली होती. तिच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात एक लिटरची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. "आई रोज भरून देते. मी घरी जाताना बसस्टँडवर ओतून टाकते."

डोकं दुखायला लागतं साधारण तिसऱ्या तासाला. रविवारी दुखत नाही. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झालं तरी डोकं जड होतं, चिडचिड होते, लक्ष उडतं. पन्नास किलो वजनाच्या मुलीसाठी हे पाणी अर्धा ते एक लिटर होतं, म्हणजे फार तर तिच्या बाटलीएवढं. वर्षभरात दोनदा लघवीला जळजळ झाल्याचं तिने सांगितलं, तेही विचारल्यावरच. पाणी कमी आणि लघवी तासन् तास रोखलेली, यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. जळजळीबरोबर ताप आणि कमरेच्या वरच्या बाजूला दुखणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं.

मग हजेरी. टक्केवारी बघून काही कळत नाही, तारखा मांडाव्या लागतात. कॅलेंडरवर तिच्या गैरहजेरीच्या खुणा केल्या तेव्हा त्या सगळ्याच विखुरलेल्या नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच दर महिन्याला सलग तीन-चार दिवसांच्या, जवळपास तितक्याच अंतराने. तिने कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या दिवसांत इथे येऊन करायचं काय? वरच्या मजल्यावर अकरानंतर पाणी नसतं. दाराला कडी नाही. पॅड टाकायला डबा नाही."

मुलींच्या गैरहजेरीचा विषय निघाला की प्रेमप्रकरण, मोबाइल, लग्नाची बोलणी असे तर्क लगेच सुरू होतात. नोंदवहीतल्या तारखा कॅलेंडरवर उतरवायला मात्र दहा मिनिटंही लागत नाहीत.

तिला आरोग्य केंद्रात रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.६ आलं. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी ते १२ च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात आणि ८ ते १०.९ मध्यम समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे थकवा आणि लक्ष न लागणं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीची ही तपासणी सुरुवातीलाच व्हावी. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या. मुली त्या मध्येच सोडतात याची दोन कारणं दिसतात. शौच काळं होतं म्हणून घाबरतात (ते गोळ्यांमुळेच होतं) आणि पंधरा दिवसांत बरं वाटलं की थांबतात. साठा भरून यायला काही महिने लागतात.

आता पेच असा होता की स्वच्छतागृहाची तक्रार करायची कुणी? समुपदेशकाने प्राचार्यांना "एक मुलगी सांगत होती" असं म्हटलं, तरी वर्गात अंदाज बांधले जातात. ती स्वतः अर्ज द्यायला तयार नव्हती. वाट निघाली ती पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पातून. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला हा विषय सक्तीचा केला. त्याच्या मूळ आराखड्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी होते. एवढं असूनही बरेच प्रकल्प नेटवरून उतरवलेले असतात. विषय हिमनद्यांचा, आणि आपल्याच आवारातली पाण्याची टाकी किती लिटरची आहे हे गटात कुणालाच ठाऊक नसतं. पर्यावरण शिकायचं तर ते आपण रोज वापरतो त्या नळापासून शिकावं.

विषय शिकवणाऱ्या सरांना समुपदेशन कक्षाकडून सर्वांसाठी एक विषय सुचवला गेला: 'आवारातलं पाणी: किती येतं, कुठे गळतं, कुठे पोहोचत नाही'. कुणाचंही नाव निघालं नाही. पाच जणींचा गट झाला, तीही त्यात आली.

मोजणी अशी ठरली. आवाराचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक नळ आणि शौचालयाला क्रमांक. सलग तीन दिवस, सकाळी ८, ११ आणि दीड वाजता फेरी. प्रत्येक क्रमांकासमोर चार खुणा: पाणी आहे का, कडी लागते का, दिवा लागतो का, झाकणाचा डबा आहे का. गळका नळ दिसला की खाली लिटरची बाटली धरायची आणि फोनवर वेळ मोजायची. पिण्याच्या पाण्यासाठी ओटी चाचणी: नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. इथे एक चूक नेहमी होते. आरओ यंत्राच्या नळाला रंग आला नाही की मुलं 'पाणी दूषित' असं लिहून मोकळी होतात. आरओ यंत्रातला कोळसा क्लोरीन काढूनच टाकतो. त्या नळासाठी एच-टू-एसची बाटली वापरावी. पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची. काळी पडली तर मैलापाणी मिसळल्याचा संशय धरायचा.

मुलींसाठी प्रश्नावलीही केली. गूगल फॉर्मवर ईमेल आपोआप जमा होण्याची सोय बंद केली होती, नाहीतर पाळीबद्दलच्या प्रश्नांना कुणी खरं उत्तर देत नाही. "तुम्ही सुविधांबाबत समाधानी आहात का?" हा प्रश्न काढून टाकला, कारण त्याच्या उत्तराचं पुढे काहीच करता येत नाही. त्याऐवजी विचारलं, "काल कॉलेजमध्ये असताना किती पेले पाणी प्यायलात?"

निष्कर्ष बोलके होते. मुली ४१०. शैक्षणिक इमारतींच्या भारतीय मानकात २५ मुलींमागे एक शौचालय धरलेलं आहे, म्हणजे १७ हवीत. होती ९. त्यांतल्या तिघांना कडी नाही, दोन कुलूपबंद, म्हणजे वापरण्याजोगी ४. वरच्या मजल्याची टाकी हजार लिटरची, पंपाने दुपारी चारला भरली जायची. तिच्यावरच्या एका फ्लशच्या टाकीतून पाणी सतत भांड्यात वाहत होतं: चार मिनिटांत एक लिटर. तासाला १५ लिटर. दुपारी चार ते सकाळी आठ या सोळा तासांत २४० लिटर, म्हणजे टाकीचा जवळपास पाव हिस्सा, इमारत जवळपास रिकामी असताना. अकरा वाजता पाणी का संपतं याचं मोठं कारण सापडलं. दिवसाचा हिशेब ३६० लिटर. दिवसा चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत माणशी ४५ लिटर धरतात, त्या मापाने आठ जणांचं पाणी.

अहवाल ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पडू नये म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिल्या पानावर फक्त लगेच होण्यासारखी कामं लिहिली: फ्लशच्या टाकीतला व्हॉल्व्ह, तीन कड्या, दोन कुलपं उघडणं, झाकणाचे डबे, पंप सकाळी दहाला आणखी एकदा चालवणं. नवीन शौचालयांची मागणी दुसऱ्या पानावर. मोठी मागणी वर असली की 'निधी आल्यावर पाहू' या शेऱ्याखाली कड्यासुद्धा अडकून पडतात. दुसरं म्हणजे अहवाल आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. काम झालं नसतं तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारशी द्यायच्या असतात. ती वेळ आली नाही. पहिल्या पानावरची कामं झाली. दुसरं पान अजून प्रलंबित आहे आणि त्याचा पाठपुरावा सोडलेला नाही.

कडी बसली म्हणून सवय लगेच बदलत नाही. आठवडाभर ती तशीच कोरड्या तोंडाने घरी जात राहिली. म्हणून बैठकीत छोटं वेळापत्रक केलं: एसटीत बसण्याआधी जाऊन यायचं, पहिल्या तासानंतर एक पेला पाणी, मग दर दोन तासांनी एक, आणि अकराला मैत्रिणीबरोबर स्वच्छतागृहात. एकदम लिटरभर प्यायला सांगितलं तर मुली घाबरून पुन्हा बंद करतात. झोपेची वेळ आधी अकरा, मग साडेदहा. लघवीचा रंग फिकट गवतासारखा असावा, ही खूण तिने स्वतःच वहीत लिहून घेतली.

सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली, बेरीज ५ आली. तिसऱ्या तासाची डोकेदुखी गेली होती, थकवा थोडा शिल्लक होता. गोळ्या चालूच होत्या.

प्रत्येक "मन लागत नाही"च्या मागे पाणी नसतं. सुट्टीच्या दिवशीही दोन आठवडे उदास वाटत असेल, पूर्वी आवडणारं काहीच नकोसं झालं असेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, जगू नये असे विचार येत असतील, तर बाटली आणि वेळापत्रकावर वेळ घालवू नका. थेट जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येतं. आणि तुमच्या कॉलेजात समुपदेशकच नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांचा उल्लेख करून प्राचार्यांना अर्ज द्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. अर्जावर पाच-सहा जणांच्या सह्या घ्या, म्हणजे कुणा एकावर बोट येणार नाही, आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.