आयसीयूतली बुरशी

प्रश्न : सासूबाई नाशिकमध्येच आयसीयूत आहेत. रक्तात ‘कॅन्डिडा ऑरिस’ ही बुरशी निघाली. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लागू पडणार नाही म्हणतात. आमच्या घरातून गेली का? भेटायला जावं का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, घराला दोष मुळीच लावू नका. ही यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, २००९मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा नोंदली गेली. ती पसरते मुख्यतः रुग्णालयातच. खाटेचा कठडा, बीपीचा पट्टा यांवर ती आठवडेच्या आठवडे टिकते आणि मानेतल्या सेंट्रल लाइनवाटे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवाटे) रक्तात शिरू शकते. म्हणून फरशीपेक्षा मला त्या पट्ट्याची जास्त काळजी वाटते.

कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन ही शिरेतून द्यायची औषधं बहुतेकदा लागू पडतात. डॉक्टरांना विचारा : सेंट्रल लाइन बदलता येईल का? रक्ताचं कल्चर (रक्तात बुरशी वाढते का, ही तपासणी) पुन्हा पाठवलं का? कल्चर स्वच्छ आल्यानंतरही साधारण दोन आठवडे औषध चालतं. खर्च जड जातो, मला कल्पना आहे. तरी मध्येच थांबवू नका, हात जोडून सांगतो.

भेटायला जरूर जा. निरोगी माणसाला सहसा धोका नसतो. गाऊन, हातमोजे घाला, निघताना हात सॅनिटायझरने चोळा. रामकुंडाचं तीर्थ मात्र आयसीयूत नेऊ नका.